लागण

१० मे २०२५, शनिवार

आल्याची लागण अक्षय तृतीयेला धरायची, हा आमच्या साताऱ्याकडचा रिवाज. ह्यांनी त्याच हिशेबानं सुट्टी टाकली होती. बेड म्हणजे गादीवाफे ओढून झाले, ठिबकच्या नळ्या पसरल्या आणि फौजेतून फोन आला, सुट्टी रद्द. पहलगामनंतर हे होणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणी नव्हतं. जाताना म्हणाले, "बेण्याला दोन-तीन डोळे बघून घे, बुरशीनाशकात बुडवल्याशिवाय लावू नको." (इतकी वर्षं मी जणू बांधावर बसूनच होते!)

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. बुधवारी मोटर चालू करायला गेले, तिथंच मोबाईलवर ऑपरेशन सिंदूरची बातमी वाचली. ह्यांचा फोन बंद. कुठं आहात, असं विचारायचं नसतं. लग्न झाल्यावर पहिलं तेच शिकले. गावाला मात्र तेवढंच विचारायचं असतं.

परवा रात्री टीव्हीवाल्यांनी कराचीचं बंदर उडवलं, सकाळी ते खोटं निघालं. आत्याबाईंनी टीव्हीची पिनच काढून ठेवली. कारगिलच्या वेळी मामा तिकडं होते. "तवा पोस्टमन दिसला की पाय लटपटायचं," म्हणाल्या आणि पुन्हा बेणं मोडायला बसल्या.

चिखलाच्या बोटांना मोबाईल दाद देत नाही, म्हणून लेक तो घेऊन सरीच्या कडेनं माझ्यासोबत चालते. पैऱ्याच्या, म्हणजे एकमेकींच्या रानात आळीपाळीनं राबणाऱ्या बायका आहेत, म्हणून लागण तरी होतेय. पीककर्जाचं तसं नाही. सातबारा ह्यांच्या नावावर, सही ह्यांचीच हवी. सोसायटीत जाऊन सांगितलं, माणूस बॉर्डरवर आहे. "आल्यावर या," म्हणाले.

जवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचा दगड आहे. त्या साली त्यांची रानं कुणी पेरली, हे तिथं लिहिलेलं नाही. कुणी पेरली असणार, ते आम्हाला माहीत आहे.

संध्याकाळी शस्त्रसंधी झाल्याचं कळलं, बायकांनी देवाला हात जोडले. तासा-दोन तासांत पुन्हा ड्रोनच्या बातम्या. मग ह्यांचा फोन आला, मिनिटभरच.

"किती बेड राहिले?"

"निम्मे. बेणं कमी पडतंय."

"वरच्या आळीत बघ, उसनं मिळेल."

ते मी कालच सांगून ठेवलंय.