बोलिंग ग्रीनची फेरी आणि १९६७ च्या कॉर्वेटची झडती

शिकागोहून आय-६५ धरली की इंडियानापोलिस, लुईव्हिल मागे टाकत सरळ केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला पोचता येतं. अंतर साधारण ४१५ मैल. मित्राला १९६७ ची कॉर्वेट, म्हणजे शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार, घ्यायची होती, तीही ४२७ घन इंचांच्या, ४३५ अश्वशक्तीच्या इंजिनाची. विकणाऱ्याचं गाव तिथून जवळच, म्हणून आधी नॅशनल कॉर्वेट म्युझियम आणि मग गाडी, असा बेत केला. तुम्हीही हाच क्रम ठेवा. आधी खरं पाहिलेलं असलं की खोटं लवकर खुपतं.

वेळेची एक गंमत लक्षात असू द्या. लुईव्हिल ईस्टर्न वेळेवर चालतं, बोलिंग ग्रीन सेंट्रल. लुईव्हिलला मुक्काम केलात तर सकाळी एक तास फुकट मिळतो. विमानाने येणाऱ्यांना नॅशव्हिल जवळ, साधारण ६५ मैल. म्युझियम हायवेच्या २८ नंबरच्या एक्झिटला आहे. डब्यात ठेपले-चटणी असेल तर वाटेतल्या खाण्याची चिंता नाही. शाकाहारी माणसाचे या रस्त्यावर फार लाड होत नाहीत.

म्युझियममध्ये बहुतेक लोक थबकतात ते खचलेल्या खड्ड्याच्या प्रदर्शनापाशी. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे म्युझियमच्या स्कायडोम या दालनाची जमीन खचली आणि आठ कॉर्वेट खाली गेल्या. विवर सुमारे ४० फूट रुंद आणि ३० फूट खोल. आत माणूस नव्हतं, हे नशीब. हा सगळा चुनखडीचा, पोकळ प्रदेश; मॅमथ केव्ह ही प्रचंड गुहा इथून लांब नाही. आठांपैकी तीनच गाड्या पुन्हा उभ्या केल्या: निळी झेडआर-१, काळी १९६२ ची आणि १९९२ ची दहा लाखावी कॉर्वेट. त्या दहा लाखावीच्या भागांवर कारखान्यातल्या कामगारांनी सह्या केलेल्या होत्या. जनरल मोटर्सच्या लोकांनी शक्य तितके सहीचे भाग वाचवून दुरुस्त केले, नवे बसवून मोकळे झाले नाहीत. उरलेल्या पाच गाड्या चेंदामेंदा झालेल्या अवस्थेतच ठेवल्या आहेत, कारण त्या दुरुस्त करायच्या म्हणजे जवळपास सगळंच नवं बनवायचं. मला हा निर्णय फार पटला. दुरुस्ती कुठे संपते आणि नक्कल कुठे सुरू होते, हे त्या पाच सांगाड्यांसमोर जितकं कळतं तितकं कुठल्याही लेखातून कळणार नाही.

१९६३ ते ६७ च्या गाड्यांपाशी मात्र निवांत वेळ काढा. ६७ ची खूण म्हणजे पुढच्या फेंडरवर पाच तिरक्या फटी, हँडब्रेक दोन सीटांच्या मधे आणि रिव्हर्सचा एकच दिवा, नंबरप्लेटच्या वर.

आता इंजिन मूळचंच आहे का हे ठरवणारी कागदपत्रं. जुनी पाँटिअ‍ॅक असेल तर पीएचएसकडून (पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कारखान्याची नोंद मिळते. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे तशीच कारखान्याची नोंद, मागवता येतो. कॉर्वेटचं तसं नाही. १९८१ पासून बोलिंग ग्रीनमध्ये बनलेल्या गाड्यांच्या नोंदी म्युझियमकडून मिळतात, पण ६७ ची गाडी सेंट लुईसची. तिच्यासाठी एनसीआरएस या जुन्या कॉर्वेट जपणाऱ्यांच्या संस्थेकडून गाडी कुठल्या डीलरकडे रवाना झाली एवढं समजू शकतं; इंजिन कुठलं होतं ते त्यात नसतं. सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे टँक स्टिकर. कारखान्यात पेट्रोलच्या टाकीवर डकवलेला ऑर्डरचा कागद. टाकी उतरवल्याशिवाय तो नीट वाचता येत नाही, आणि बऱ्याचदा पन्नास वर्षांत त्याचा भुगा झालेला असतो. मग गाडीच्या लोखंडावरच्या नोंदी वाचायच्या. जमीन घेताना नुसत्या सातबाऱ्यावर न थांबता फेरफारही काढतो ना, तसं एकेक नोंद दुसरीशी ताडून बघायची.

विकणाऱ्याची गाडी देखणी होती. मरिना ब्लू रंग, आणि ग्लव्ह बॉक्सखालच्या ट्रिम टॅगवरही (रंगाचा क्रमांक असलेली कारखान्याची पट्टी) ९७६, म्हणजे तोच रंग. मित्र मनाने तिथेच सौदा करून मोकळा झाला. इंजिनाच्या उजव्या हेडच्या पुढच्या टोकाशी जो सपाट पट्टा असतो त्यावर छाप होता: टी ०११० जेई. टी म्हणजे टोनावांडाचा कारखाना, ०११० म्हणजे १० जानेवारी, जेई म्हणजे ४३५ अश्वशक्ती. शेजारी गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे, तेही जुळणारे. मग आम्ही खाली शिरून ब्लॉकवरची ओतकामाची तारीख वाचली: सी २ ७. सी म्हणजे मार्च, २ ही तारीख, ७ म्हणजे १९६७. ब्लॉक ओतला २ मार्चला आणि इंजिन जोडलं १० जानेवारीला! आरसा आणि टॉर्च घेऊन परत वर आलो. कारखान्यातल्या यंत्राने त्या पट्ट्यावर बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात. इथे त्यांच्या जागी गोल-गोल ओरखडे. पट्टा घासून नंबर नव्याने ठोकले होते.

विकणाऱ्याने मोठ्या जजिंगमधल्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या परीक्षणातल्या, गुणांचा कागद पुढे केला. तो खोटा असेल असं नाही. एनसीआरएसचे परीक्षक ४,५१० गुणांपैकी गुण देतात, ९४ टक्क्यांना टॉप फ्लाइट हा किताब मिळतो. पण गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी दिसली असती तशी आहे का, हे ते बघतात. इंजिन जन्मापासून याच गाडीत होतं याचा तो दाखला नव्हे. शिवाय तिथे जास्तीची चकाकीही महागात पडते: ६७ च्या अ‍ॅक्रिलिक लॅकरच्या जागी आजचा काचेसारखा क्लिअरकोट मारला तर गुण कापले जातात.

जाणाऱ्यांनी घरून निघण्याआधीच विकणाऱ्याकडून इंजिनावरचा स्टॅम्प पट्टा, ओतकामाची तारीख आणि ट्रिम टॅग यांचे जवळून काढलेले फोटो मागवावेत. टाळाटाळ झाली तर पेट्रोल वाचवा. पट्टा पुसायला मिनरल स्पिरिट आणि मऊ फडकं पुरतं. सँडपेपर लावलात तर अस्सल पुरावाही जाईल. चाकाच्या खोबणीत हात घालून फायबरग्लासची आतली बाजू चाचपा. कारखान्याचे दाबून बनवलेले पॅनल आतूनही गुळगुळीत लागतात, नंतर हाताने बनवलेले खरखरीत. बॉडी फायबरची असली तरी तिच्या आत लोखंडी पिंजरा असतो आणि तो गंजतो. विंडशील्डच्या खांबांचा तळ बघितल्याशिवाय गाडीखालून बाहेर येऊ नका.

व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी हा वेगळाच मामला. कॅन्ससमध्ये २०१७ साली एकाची १९५९ ची कॉर्वेट पोलिसांनी जप्त केली, कारण दुरुस्तीच्या वेळी ती पट्टी काढून परत बसवली होती. २०२२ मध्ये तिथे कायदा बदलला, तोवर गाडी अडकूनच होती. म्हणून त्या पट्टीचे रिव्हेट आधी बघा आणि स्वतः दुरुस्ती करताना त्यांना हात लावू नका.

मित्राने शेवटी बदललेल्या इंजिनाची गाडी म्हणून जो भाव होतो तो सांगितला. विकणाऱ्याला तो मान्य झाला नाही. आता ओहायोतल्या एका ३२७ इंजिनाच्या कूपेचं बोलणं चाललंय. ताकद कमी, पण टँक स्टिकरचा फोटो विकणाऱ्याने न मागता पाठवलाय.