भाडे-अनुदान आणि वरच्या खोलीचे कुलूप

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराची मागची खोली बरीच वर्षे एका विडी कामगार बाईंकडे भाड्याने आहे. सकाळी सुपात पाने घेऊन त्या उंबऱ्याशी बसतात, तयार विड्या कारखान्यात देऊन येतात आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन हजार रुपये वडिलांच्या हाती ठेवतात. उद्या सरकारने अशा भाडेकरूंना दरमहा हजार रुपये द्यायचे ठरवले, तर पुढच्या करारात मी भाडे किती वाढवीन, असे मी स्वतःलाच विचारून पाहिले. निदान पाचशे तरी वाढवीन, हे उत्तर मला शोभणारे नसले तरी खरे आहे. खोल्या कमी आणि मागणारे जास्त असले की अनुदानाचा मोठा वाटा असाच घरमालकाच्या खिशात जातो.

खर्च आवरण्यासाठी अनुदानालाच कात्री लावण्याचा मार्ग इंग्लंडने वापरून पाहिला. तिथे खासगी भाडेकरूंच्या मदतीची मर्यादा २०११ पर्यंत त्या भागातील मधल्या भाड्याएवढी होती. ती शंभरांतील सर्वांत स्वस्त तीस घरांच्या पातळीवर आणली गेली आणि २०१६ पासून चार वर्षे गोठवली गेली. भाडी वाढतच राहिली, फरक भाडेकरूंनी पोटाला चिमटा काढून भरला, आणि ज्यांना तो भरता आला नाही त्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्याचा खर्च स्थानिक परिषदांवर पडला. याला मी बचत म्हणणार नाही.

आपल्याकडे सोलापुरात कामगारांसाठी एकदाच खर्च करून घरेच बांधण्याचा मार्ग निवडला गेला. कुंभारीच्या रे नगरात तीस हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. ही मोठीच गोष्ट आहे. पण ती मालकीची घरे आहेत, आणि कामाच्या जवळ, पेठेतच राहणे ज्यांना भाग आहे, त्यांना भाड्याची खोलीच लागते.

अशा खोल्या नाहीत असेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती, आणि त्या मोजणीत आमची वरची खोलीही असणार, कारण ‘भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही’ या धास्तीने वडिलांनी तिला कुलूप लावले, ते अजून तसेच आहे. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहू देण्याच्या कराराची, मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडून, खोलीचा ताबा परत मिळवता येतो. त्यासाठी करार लेखी आणि नोंदणीकृत मात्र हवा. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, वर एजंटाचे पैसे. दोन हजारांच्या खोलीला हा भार जड वाटतो, म्हणून गल्लीत बहुतेक व्यवहार तोंडीच होतात आणि धास्ती तशीच राहते.

दरमहा अनुदान वाटण्याआधी सरकारने छोट्या भाड्याच्या खोल्यांची ही नोंदणी फी माफ करावी. वडिलांना मी कायद्याचे कलम वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न फीचाच विचारला.