नाव माहीत नाही म्हणूनच तर आलो होतो!

शाळेच्या दगडांच्या पेटीत एक तुकडा बिनचिठ्ठीचा पडून होता. गिरणेच्या पात्रातला, राखाडी-तपकिरी, मेणासारखा मंद तुकतुकीत. चिठ्ठी लावायची तर खात्री हवी, म्हणून एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात तपासायला नेला. मुख्याध्यापकांचं पत्र, फी, पावती, सगळं झटपट झालं.

गाडं अडलं ते अर्जातल्या एका रकान्यावर: ‘खडकाचे नाव’. रिकामा सोडला तर क्लार्क म्हणाले, “सर, नावाशिवाय रजिस्टरला चढवता येत नाही.”

“अहो, नाव माहीत असतं तर आलो कशाला असतो?”

“ते बरोबर आहे, पण रकाना भरावा लागतो.”

‘अज्ञात’ लिहिलं, अर्ज परत. ‘नदीतला दगड’ लिहिलं, तर ते हसले आणि अर्ज परत. साहेबांना विचारावं तर साहेब रजेवर. ते रुजू झाले तेव्हा क्लार्क रजेवर आणि रजिस्टर कपाटात, कुलूपबंद.

शेवटी चिडून म्हटलं, आपणच बघू. चाकूचं टोक दाबून ओढलं. ओरखडा नाही, उलट दगडावरच पोलादाची करडी रेघ उमटली. म्हणजे पोलादापेक्षा कठीण. क्वार्ट्झची (गारगोटीच्या खनिजाची) कठीणता मोहस् मापावर, म्हणजे दहापैकी, ७ असते, पोलादाहून जास्त; तेव्हा दगड त्याच जातीचा असावा. शाळेतलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, फेस नाही, चुनखडी बाद. फोडला तर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गोलसर खोलगट कपची निघाली, कड ब्लेडसारखी. (फोडताना चष्मा लावा, कपच्या डोळ्याकडेच येतात. आणि परीक्षा ताज्या फुटीवरच करा, जुनी साल फसवते.) रकान्यात ठणकावून लिहिलं: ‘चर्ट’, म्हणजे क्वार्ट्झच्याच अतिबारीक कणांचा खडक. अर्ज लगेच घेतला!

तरी तपासणी हवीच होती. आपल्या खानदेशात बेसाल्टच्या पोकळ्यांतून निघणारे जास्पर, कॅल्सेडनी हे क्वार्ट्झच्याच जातीचे दगडही तितकेच कठीण आणि तसेच फुटतात. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या अश्मयुगीन माणसाने हत्यारं केली ती याच भावकीतल्या दगडांची. चर्ट मात्र गाळाचा खडक, पाण्यातल्या सिलिकेचा (क्वार्ट्झ बनतं त्याच द्रव्याचा); नदीत वाहत आलेल्या गोट्यावरून हा फरक हाताने कळत नाही. त्यासाठी ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो.

अहवाल आला तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. ‘चर्ट.’ चिठ्ठी मी स्वतः, ठळक अक्षरात लिहिली.

आणि हो, तुकड्याचा अर्धा भाग आधीच घरी ठेवून घ्या. कापून उरलेला परत मागितला तर वेगळा अर्ज आहे, आणि त्यातही तोच रकाना.