सुरी घेताना व्हिडिओ बघावेत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी डोंबिवलीत डबे करते. माझ्या ओट्यावर रोज सहा-सात किलो कांदा चिरला जातो, म्हणून सुरी घ्यायची झाली की ओळखीतले लोक मला विचारतात. अलीकडे सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून घेतली तर चालेल का? मागच्या महिन्यात, नुकतंच बिऱ्हाड थाटलेल्या एका मुलीने मला व्हिडिओच पाठवला. खाली लिहिलं होतं, "काकू, ही घेऊ?"

मी तिला म्हटलं, व्हिडिओ जरूर बघ, पण आधी आठवडाभर तुझ्या घरात काय काय चिरलं जातं ते लिहून आण.

असं का म्हटलं, ते सांगते. चार वर्षांपूर्वी मीही एक सुरी व्हिडिओ बघूनच घेतली होती. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. व्हिडिओतला माणूस हातात कागद धरून त्याच्या उभ्या पट्ट्या काढत होता. टोमॅटोला हात न लावता त्याच्या पारदर्शक चकत्या पाडत होता. साडेचार हजार रुपये मोजले. पहिले पंधरा दिवस फार सुखाचे गेले. कांदा चेचला न जाता कापला जात होता, त्यामुळे डोळ्यांना धारा लागत नव्हत्या. मग एका सकाळी वाटणासाठी सुक्या खोबऱ्याची वाटी घेतली. पातं आत रुतलं, मी सवयीने मनगट जरासं फिरवलं आणि धारेचा टवका उडाला. नखाच्या चंद्राएवढा. हातातली सुरी उजेडात धरून मी कितीतरी वेळ त्या खाचेकडे बघत बसले होते.

व्हिडिओतला माणूस खोटं बोलला नव्हता. ती सुरी जपानी पद्धतीची होती. त्या सुऱ्यांचं पोलाद रॉकवेल मापात, म्हणजे कडकपणा मोजायच्या मापात, साठच्या वर असतं आणि धार दोन्ही बाजूंनी साधारण १५ अंशांत लावलेली असते. म्हणून ती बारीक कापते आणि धार खूप दिवस टिकते. पण इतकं कडक पोलाद वाकत नाही, तुटतं. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या ५६ ते ५८च्या आसपास असतात. त्या लवकर बोथट होतात, पण खोबऱ्यात अडकल्या तर धार फार तर दुमडते, आणि दुमडलेली धार सरळ करता येते. त्या माणसाच्या स्वयंपाकघरात टोमॅटो होते, मासा होता, कोवळ्या पातीचा कांदा होता. सुरण, लाल भोपळा, कच्चा फणस, खोबऱ्याची वाटी यांतलं काहीच नव्हतं. त्याच्या स्वयंपाकासाठी त्याचा सल्ला अगदी योग्य होता.

कागदाच्या पट्ट्यांवर तर मुळीच जाऊ नका. दीडशे रुपयांची सुरी दगडावर नीट पाजवली तर तीसुद्धा कागद कापते. त्यातून धार कशी लावली आहे ते कळतं, पोलाद कसं आहे ते कळत नाही. नक्षीचंही तेच. ती बाहेरच्या थरांवर असते, कापते ती मधल्या थराची कड, आणि स्वस्त सुऱ्यांवर तर ती नक्षी नुसती वरून कोरलेली असते. "जर्मन स्टील" हे शब्द ऐकूनही हुरळून जाऊ नका. झोलिंगन या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन शहराच्या नावाला तिथे १९३८ सालापासून कायद्याचं संरक्षण आहे, ते नाव कुणालाही पात्यावर टाकता येत नाही. पण "जर्मन स्टील" म्हणजे बहुतेक वेळा अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियमचं पोलाद, आणि ते कुठेही बनलेलं असू शकतं.

मग बघायचं काय? मी आधी ऐकते. जाडजूड गाजर कापतानाचा भाग शोधायचा आणि आवाज वाढवायचा. पातं धारेच्या मागे जाड असेल तर ते पाचरीसारखं काम करतं. धार फळीपर्यंत पोचायच्या आधीच गाजर फुटतं आणि 'टक्' असा आवाज येतो. पातळ पातं शेवटपर्यंत मुकाट जातं. हा आवाज पार्श्वसंगीताखाली दाबला असेल तर मी तो व्हिडिओ तिथेच सोडते. सहा महिने वापरून मग बोलणारा माणूस सापडला तर त्याचं शेवटपर्यंत ऐकते, विशेषतः तो कॅमेऱ्यासमोर स्वतः दगडावर धार लावून दाखवत असेल तर. धार लावायला मी स्वतः अशाच व्हिडिओंवरून शिकले, आणि त्यासाठी मी त्या लोकांची मनापासून ऋणी आहे. १००० नंबरचा (मध्यम बारीक कणांचा) धारेचा दगड, पाणी, पात्याचा एकच कोन, आणि दुसऱ्या बाजूला बोटाला लागणारी बारीक खरखर. ती पूर्ण कडेने लागली की बाजू बदलायची. त्याआधी मी सायकलवरच्या धारवाल्याकडे सुऱ्या द्यायचे. त्याचा हात चांगला होता, पण फिरत्या चाकावर पातं फार तापलं की कड निळसर पडते. तसं झालं की पोलादाला दिलेलं पाणी उतरलं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला, म्हणून समजा.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहावं, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१पासून आपल्याकडे आहे. ती पाटी दिसली म्हणून व्हिडिओ टाकून देऊ नका, पण त्या माणसाने एक तरी खोट काढली आहे का, ते बघा.

मूठ मात्र व्हिडिओत कळणार नाही. भांड्यांच्या दुकानात जा, सुरी हातात घ्या, अंगठा आणि पहिलं बोट पात्याच्या मुळाशी ठेवून पाच मिनिटं नुसती धरा. ओल्या हाताने धरून बघता आली तर फारच छान, कारण घरी आपला हात कोरडा कधी असतो? आणि घरातली विळी काढून टाकू नका. सुरण आणि खोबरं मी आता विळीवरच करते. तिथे पातं जागेवर राहतं आणि दोन्ही हात भाजीवर असतात.

त्या मुलीने यादी आणली: कांदा, टोमॅटो, फ्लॉवर, गाजर, रविवारी कोंबडी. मी तिला आठ इंची, जर्मन पद्धतीची सुरी सुचवली, सोबत १००० नंबरचा दगड आणि लाकडी फळी. काचेची फळी तिला लग्नात मिळाली होती, ती चपात्या लाटायला ठेव म्हटलं. परवा तिचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. फोटो नव्हता, व्हिडिओ नव्हता, बारा सेकंदांचा नुसता आवाज होता. ती गाजर कापत होती. मी दोनदा ऐकलं. 'टक्' कुठेच नव्हतं.