छातीवर घुबड

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दे, तुझ्या भाषेत लिहिलीस तरी चालेल, असा निरोप आला आणि मी चाटच पडलो. कारण मँचेस्टर ग्रामर स्कूलमध्ये मी 1975 ते 1982 अशी सात वर्षं काढली पण तिथे मराठी वापरली ती फक्त मनातल्या मनात शिव्या द्यायला. पण 2015 मध्ये शाळेला 500 वर्षं झाली म्हटल्यावर नाही कसं म्हणणार, लिहितो जमेल तसं.

आम्ही मूळचे सोलापूरचे. वडील ओल्डहॅमला सूतगिरणीत होते, म्हणजे गिरणगाव सोडून गिरणगावातच आलो, फक्त इथे ऊन नव्हतं. अकराव्या वर्षी एन्ट्रन्स दिली, पास झालो, आणि ब्लेझर घरी आला. त्याच्या खिशावर घुबड! आई बघतच राहिली. आपल्याकडे घुबड दिसलं तर लोक थू थू करतात आणि इथे ते चक्क छातीवर लावून फिरायचं.

त्याची गोष्ट मला नंतर कळली. शाळा काढली 1515 मध्ये ह्यू ओल्डहॅम नावाच्या बिशपनं. हा एक्सेटरचा बिशप पण मूळचा लँकेशरचा, आणि इकडची माणसं ओल्डहॅमचा उच्चार ओल्ड असा करतच नाहीत, औडम असं काहीतरी म्हणतात, म्हणून आऊल अधिक डम, झालं त्याचं चिन्ह घुबड. पाचशे वर्षांपूर्वीचा पीजे आहे हो हा, आणि आम्ही तो खिशावर लावून परीक्षा दिल्या! खाली लॅटिनमध्ये सापेरे आउदे, म्हणजे शहाणं व्हायची हिंमत कर. आमच्या बॅचमध्ये ती हिंमत फार जणांनी केली असं मला तरी आठवत नाही.

पण मला सगळ्यात आवडते ती गिरणीची गोष्ट. शाळा फुकट चालवायची तर पैसा कुठून आणायचा? तर इर्क नदीवरच्या पाणचक्क्या शाळेच्या नावे केल्या, आणि गावातल्या लोकांनी दळण तिथेच आणायचं अशी सक्ती. म्हणजे बायका दळण घेऊन येणार आणि त्यावर पोरं लॅटिन शिकणार. लोक वैतागले नसते तरच नवल. त्या गिरणीवरच्या दोन हडकुळ्या गिरणीवाल्यांना लोकांनी हाडं आणि कातडी अशी नावं पाडली होती. शेवटी 1759 मध्ये पार्लमेंटात कायदा करून धान्याची सक्ती उठवली, माल्टची, म्हणजे बिअरसाठी मोड आणलेल्या धान्याची, मात्र तशीच ठेवली, म्हणजे काही वर्षं आमची शाळा बिअरवर चालली म्हणा ना. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, आपलं घर गिरणीवर चालतं, तुझी शाळा पण गिरणीवरच, मग सोलापुरात काय वाईट होतं?

1525 च्या नियमांत मुलांनी कोंबड्यांच्या झुंजी लावू नयेत असं कलम होतं. आमच्या वेळी कोंबडे नव्हते, झुंजी होत्या.

जुनी शाळा गावात कॅथीड्रलच्या शेजारी होती, 1931 मध्ये ती फॅलोफील्डला आली. मधे मोठं क्वाड, चारी बाजूंनी लाल विटांची बिल्डिंग, कमानीवर घड्याळ, मागे ग्राउंडच ग्राउंड. स्वतःचा स्विमिंग पूल, लॅब, आणि पेटन लायब्ररी, जिथे मी अभ्यासापेक्षा हीटरसाठी जास्त बसलो. हेडमास्तरला तिथे हाय मास्टर म्हणतात, हे मला आठवडाभर खोटंच वाटलं. घरून दोन बसा, दुसरी रशोममधून जायची, संध्याकाळी मसाल्याचा वास आला की पोटात कालवायचं. सुट्टीत डोंगरात ट्रेक आणि कॅम्प असायचे, पहिल्या कॅम्पला आईनं चिवड्याचा डबा दिला, तो पहिल्याच रात्री गोऱ्या पोरांनी फस्त केला आणि मग वर्षभर डबा कधी आणतोस म्हणून मागे लागले. मी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांत, असताना खालच्या वर्गात ऍथर्टन नावाचा एक मुलगा होता, बॅटिंग बरी करायचा. पुढे इंग्लंडचा कॅप्टन झाला. आणि पडद्यावर गांधीजी झालेला बेन किंग्जली, म्हणजे कृष्ण भानजी, तो पण आमच्याच शाळेचा, हे तर मी सोलापुरात अजून सांगतो.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. आमच्या वेळी डायरेक्ट ग्रँट होती, म्हणजे उत्पन्न कमी असेल तर फी सरकार भरायचं. ती 1976 पासून बंद होत गेली, जे आधी आत होते त्यांचं चालू राहिलं, नवीन पोरांना नाही. मी 75 चा. धाकटा 77 चा. तो माझ्यापेक्षा हुशार, पण फीचा आकडा बघून वडिलांनी फॉर्म घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तो घराजवळच्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये, म्हणजे फुकट सरकारी शाळेत, गेला. आता त्याचं माझ्यापेक्षा छान चाललंय, तरी माझा ब्लेझर दिसला की तो विषय बदलायचा. नंतर शाळेनं बर्सरीसाठी, म्हणजे गरजू मुलांच्या फीसाठी, फंड उभा केला, दरवर्षी माझा चेक जातो तो त्या ड्रॉवरच्या नावानं.

पहिल्या वर्षीचा युनिफॉर्ममधला फोटो आईनं आजीला पाठवला होता. उलट टपाली पत्र आलं, पोराच्या छातीवर घुबड का? वडिलांनी कळवलं, लक्ष्मीचं वाहन आहे. 78 च्या सुट्टीत गेलो तर फोटो देवघराशेजारी टांगलेला, आणि बरोबर घुबडावर हळदीकुंकवाचा एवढा जाड थर की खालचं काही दिसतच नव्हतं.