मेझॉन क्रीकच्या गोट्यांत शार्कची अंडपिशवी शोधताना

शिकागोच्या नैर्ऋत्येला ब्रेडवूडजवळ दगडी कोळशाच्या जुन्या उघड्या खाणी आहेत. कोळशापर्यंत पोचण्यासाठी उपसलेल्या शेलचे, म्हणजे गाळापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाचे, ढीग आज झाडीखाली गेलेत. त्या ढिगांत सिडेराइटचे, म्हणजे लोहयुक्त खनिजाचे गोटे सापडतात. ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी नदीच्या मुखाशी गाळात पुरलेले जीव आणि पानं त्यांत ठसा होऊन राहिली आहेत. मेझॉन क्रीकचे जीवाश्म म्हणतात ते हेच. मी एप्रिलमध्ये दोन दिवस तिथे गेलो ते एकाच गोष्टीसाठी: पॅलिऑक्सिरिस.

पॅलिऑक्सिरिस ही शार्कची अंडपिशवी. हायबोडोंट नावाच्या, आता नामशेष झालेल्या शार्कगटाशी तिचा संबंध जोडला जातो. १८२८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राँन्यार यांनी हे नाव दिलं तेव्हा ती वनस्पती समजली गेली होती. झायरिस या गवतासारख्या झाडाच्या फुलोऱ्याशी तिचं साम्य वाटलं होतं. ही चूक का झाली, ते ढिगावर बसल्यावर नीट कळतं. तिथे बहुतेक गोट्यांत झाडंच असतात आणि डोळा झाडांनाच सरावतो.

मझोनिया-ब्रेडवूड या सरकारी राखीव क्षेत्रात १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळातच जीवाश्म गोळा करता येतात, परवाना लागतो. परवान्यावरचे नियम जाण्याआधी वाचा. लवकरच्या महिन्यांत, पाऊस पडून गेल्यावर जा. गवत वाढलं की जमीन दिसत नाही आणि गोचिडांचा त्रास सुरू होतो. लांब बाह्या, पायमोजे पँटवर ओढलेले, एवढं हवंच.

हव्या त्या गोट्याचा रंग गंजासारखा तांबूस, आकार चपटा आणि लांबट. जागेवर हातोडा मारू नका. पहिल्याच दिवशी मी एक गोटा फोडला. तो जीवाश्माच्या कडेने न उघडता आडवा तुटला, आणि आतलं फर्नचं पान दोन तुकड्यांत गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. गोटे घरी आणून काही दिवस पाण्यात भिजवा, मग पाण्यासकट प्लास्टिकच्या डब्यात गोठवा, वितळू द्या, पुन्हा गोठवा. आत जीवाश्म असेल तर तोच भाग कच्चा असतो, म्हणून भेग बहुधा तिथूनच जाते. काही गोटे चार-पाच वेळांत उघडतात, काहींना महिने लागतात.

आता खरी ओळख. अंडपिशवी चातीसारखी असते: मध्ये फुगीर, एका टोकाला निमुळती चोच, दुसऱ्या टोकाला देठ. अंगावरून मळसूत्रासारख्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पिशवी गाळात दबली की पुढच्या बाजूच्या रेषा आणि मागच्या बाजूच्या रेषा एकमेकींवर येतात, म्हणून तिरक्या चौकोनांची जाळी दिसते. इथेच लोक फसतात, कारण लेपिडोडेंड्रॉन या त्या काळच्या झाडाच्या खोडावरही चौकोनच असतात. पण तिथे प्रत्येक चौकोनाच्या आत पान गळाल्याचा व्रण असतो. अंडपिशवीचे चौकोन रिकामे असतात. त्यांच्या कडा म्हणजे सलग रेषा. एक रेषा बोटाने धरून सरकलात तर ती तिरकी थेट काठापर्यंत जाते. कॅलॅमाइटीस या त्या काळच्या दुसऱ्या झाडाच्या खोडावर रेघा उभ्या असतात आणि मध्ये पेरं येतात, त्यामुळे तिथे गोंधळ कमी.

फायोलिया हा जीवाश्म अंडपिशवीचा दुसरा प्रकार. त्यात मळसूत्राच्या कडेने झालर आणि व्रणांची ओळ असते. व्हेटाकॅप्सुला या आणखी एका प्रकाराला अशी गुंडाळी नसते.

आत दात किंवा हाडं शोधू नका. पिशवी मुळात कोलॅजेन या प्रथिनाची, चिवट. राहतो तो बाहेरचा ठसा. आजच्या पोर्ट जॅक्सन शार्कची अंडपिशवीही मळसूत्री असते आणि खडकाच्या फटीत अडकून राहते. ती चित्रात पाहून गेलात तर डोळ्याला वळण लागेल.

माझ्या गोट्यांपैकी एक नवव्या खेपेला उघडला. चोच नाही, देठ नाही, फक्त मधला भाग. टेबलावरचा दिवा आडवा धरला तेव्हा रेषा उठून आल्या. सरळ वरच्या उजेडात तिथे नुसता डाग दिसत होता. एक रेषा काठापर्यंत गेली, मग दुसरी, आणि चौकोनांत व्रण नव्हता. मी कितीतरी वेळ तो तसाच हातात धरून बसलो होतो.

असा तुकडा मिळाला तर दोन्ही अर्धे एकत्र ठेवा. एका अर्ध्यावर जे पुसट असतं ते कित्येकदा दुसऱ्यावर स्पष्ट असतं. जागा आणि तारीख त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.