शेजारणीचा शब्बाथ आणि माझ्या पोळ्या

जेरुसलेममधील नख्लाओत ही जुन्या दगडी घरांची आणि अरुंद बोळांची वस्ती महने येहुदाच्या बाजाराला अगदी लागून आहे, आणि विद्यापीठाच्या गिव्हात राम परिसरात काम करू लागल्यापासून मी तेथेच राहते. शुक्रवारी दुपारी त्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सूर्यास्ताच्या थोडे आधी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, सुरू होत असल्याचा भोंगा शहरभर वाजतो, बसगाड्या आणि ट्राम थांबतात, आणि मग शनिवारी अंधार पडेपर्यंत आमच्या बोळातून फक्त जेवणाच्या टेबलाभोवती म्हटलेली गाणी ऐकू येतात. गेल्या जानेवारीत अशाच एका शुक्रवारी रात्री शेजारच्या आजीबाईंनी दारावरची घंटा न वाजवता हाताने टकटक केली. "आमच्याकडे आज फार गारठा आहे," त्या म्हणाल्या. मी सहानुभूतीने "आमच्याकडेही आहे" असे उत्तर दिले. त्या जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले, "हीटर बंद पडला आहे आणि नातवंडे आली आहेत," आणि तरीही मी काय करावे हे मात्र त्या सांगेनात.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दोन मिनिटे लागली. त्यांच्या घरातला एमसीबी, म्हणजे विजेची कळ, पडला होता, आणि शब्बाथच्या दिवशी तो वर करणे त्यांना निषिद्ध होते. मी तो वर केला, हीटर सुरू झाला, आणि हातात केकचा तुकडा घेऊन मी घरी परतले. रविवारी त्यांचे यजमान, जे निवृत्त शिक्षक आहेत, मला चहाला बोलावून या साऱ्या प्रकाराचा उलगडा करत बसले. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातच हा विषय आलेला आहे. परधर्मीयाने शब्बाथच्या दिवशी स्वतःसाठी दिवा लावला, तर ज्यू माणसाने त्या उजेडात खुशाल बसावे. मात्र तो दिवा ज्यू माणसासाठी म्हणून लावला असेल, तर बसू नये. परधर्मीयाला स्पष्ट शब्दांत काम सांगण्यास नंतरच्या धर्मगुरूंनी (रब्बींनी) मनाई केली, त्यामुळे सूचक बोलण्याची ही पद्धत रूढ झाली. "आमच्या हिला सवयच लागली आहे," ते हसून म्हणाले, "खरे तर थंडीच्या बाबतीत सगळेच आजारी समजावेत असा नियम आहे, आणि घरात लहान मुले असताना ती तुला सरळ सांगू शकली असती." तो नियम सोळाव्या शतकातील योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरूख’ या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात आहे, हेही त्यांनी कपाटातून ग्रंथ काढून दाखवले.

मला मात्र नियमातील बारकाव्यांपेक्षा त्यामागचे गृहीतक अधिक महत्त्वाचे वाटले. मी कळ दाबली हे पाप नव्हतेच. त्यांनी ते पाप माझ्यावर ढकलले असेही नव्हते, कारण शब्बाथ पाळण्याची आज्ञा मला दिलेलीच नाही. पुण्याहून फोन आला की नातेवाईक हमखास विचारतात, "तिथे शनिवारी तुम्हालाही चूल बंद ठेवावी लागते का?" त्यांना सगळ्यात आधी हेच समजावून द्यावे लागते.

ज्यू परंपरेनुसार तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, ६१३ आज्ञा आहेत, ज्यांपैकी ३६५ निषेधाच्या आणि २४८ विधीच्या, आणि त्या सिनाई पर्वतावर इस्राएलच्या लोकांना दिल्या गेल्या. उरलेल्या मानवजातीला फक्त सात. जलप्रलयातून वाचलेल्या नोहाचे सारे जग वंशज, म्हणून यांना नोहाच्या संततीच्या आज्ञा म्हणतात. मूर्तिपूजा, देवनिंदा, खून, निषिद्ध लैंगिक संबंध आणि चोरी यांपासून दूर राहावे, जिवंत प्राण्याचा अवयव तोडून खाऊ नये, आणि न्यायासाठी न्यायालये स्थापावीत, अशी ही यादी ताल्मूदच्या, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरील चर्चा यांच्या ग्रंथाच्या, सान्हेद्रिन या भागात आहे. आपल्याकडे धर्मशास्त्रात साधारण धर्म आणि विशेष धर्म असा भेद करतात, त्याच्याशी हे बरेचसे जुळते. सत्य, अहिंसा, अस्तेय हे सगळ्यांसाठी. कुळाचार ज्याचा त्याला. शेजारच्या घरात नवरात्रात घट बसत नाहीत म्हणून कोणी त्यांना दोषी धरत नाही.

या बाबतीत आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्राएल समाजाचे उदाहरण मला इथल्या ग्रंथांइतकेच बोलके वाटते. घाण्यावर तेल काढणारे हे ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत; सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. एकाने दुसऱ्याचा वार पाळावा असे कोणाच्या मनातही आले नाही. रामला येथे राहणाऱ्या एका बेने इस्राएल आजींशी मी हे बोलले, तेव्हा त्या अस्सल कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "अगो, आमचा देवान आमका सांगितलान, तुमका कशाला सांगील?"

आज्ञा तुमच्यावर बंधनकारक नाही, इथपर्यंत सगळे सोपे आहे. गुंतागुंत पुढे सुरू होते, कारण तुम्हाला ती पाळायचीच असेल तर काय, या प्रश्नाला परंपरेने दिलेले उत्तर ऐकून माणूस दचकतो. परधर्मीयाने शब्बाथ पाळला तर तो मृत्युदंडास पात्र आहे, असे रेश लाकिश या विद्वानाचे मत ताल्मूदमध्ये नोंदलेले आहे. तोराचा अभ्यास करणाऱ्या परधर्मीयाबद्दल रब्बी योहानान यांनीही तितकेच कठोर उद्गार काढले आहेत. आणि त्याच पानावर रब्बी मेईर यांचे नेमके उलटे मत येते, की असा माणूस महायाजकाच्या तोडीचा आहे. ताल्मूद दोन्ही मते जपून ठेवतो आणि त्यांचा मेळ घालण्याच्या मागे लागतो, हा त्याचा स्वभाव मला फार आवडतो. बाराव्या शतकातील ज्यू विद्वान मायमोनिडीज यांनी या कठोरपणाचे कारण स्पष्ट केले: कोणी आपल्या मनाने नवा धर्म रचू नये, एकतर रीतसर धर्मांतर करून सगळ्या आज्ञा स्वीकाराव्यात, नाहीतर आपल्या सात आज्ञांवर समाधानी राहावे. पण पुण्याच्या इच्छेने कोणी आणखी एखादी आज्ञा विधिपूर्वक पाळू लागला, तर त्याला अडवू नये, असेही ते लगेच पुढे लिहितात. आजही धर्मांतराच्या तयारीत असलेल्या माणसाला शब्बाथच्या दिवशी एखादे तरी निषिद्ध काम मुद्दाम करायला सांगतात, म्हणजे शब्बाथ पूर्ण पाळला असे होऊ नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमे पालिएर नावाच्या एका फ्रेंच कॅथलिक तरुणाला ज्यू व्हायचे होते. इटलीतील लिव्होर्नोचे रब्बी एलिया बेनामोझेग यांनी त्याला धर्मांतराची गरज नसल्याचे कळवले आणि नोहाचा अनुयायी म्हणूनच जगण्याचा सल्ला दिला. आलेल्या माणसाला दारातून आपुलकीने परत पाठवणारा धर्म मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

ख्रिस्ती बाजू समजून घ्यायला मला लांब जावे लागले नाही, कारण तो वाद याच शहरात झाला. जुन्या शहराच्या आर्मेनियन भागात संत याकोबांचे कॅथीड्रल आहे, आणि ते याकोब नावाच्या दोघांना अर्पण केलेले आहे. त्यांपैकी एक, ज्यांना प्रभूचा भाऊ म्हणतात, ते इ.स. ४९ च्या सुमारास भरलेल्या जेरुसलेमच्या सभेत निर्णायक बोलले. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पंधराव्या अध्यायात ही हकीकत आहे. सीरिया प्रांतातील अंत्युखिया शहरात ज्यू नसलेले अनेक लोक येशूला मानू लागले होते. त्यांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळलेच पाहिजे, असे परुशी या ज्यू पंथातून आलेल्या काही विश्वासणाऱ्यांचे म्हणणे होते. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की सभेतील हे सगळे स्वतः ज्यूच होते, आणि परराष्ट्रीयांना सक्ती करा असे म्हणणारेही येशूचेच अनुयायी होते. (परराष्ट्रीय हा ज्यू नसलेल्यांसाठी मराठी बायबलमधला शब्द, मला येथे तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो.) नियमांचे जे जोखड आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही पेलले नाही ते यांच्या मानेवर कशाला ठेवता, असे येशूचा शिष्य पेत्र याने विचारले. शेवटी याकोबाच्या सूचनेवरून चारच गोष्टी ठरल्या: मूर्तींना वाहिलेले अन्न, जारकर्म, गुदमरून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि रक्त, एवढे टाळावे.

या चार गोष्टी आणि नोहाच्या सात आज्ञा यांतले साम्य उघड आहे, जरी सातांची यादी आज आपल्याला माहीत आहे त्या रूपात लिहिली गेली ती या सभेनंतर. त्याहून जवळचे मूळ म्हणजे ‘लेवीय’ ग्रंथातील सतरावा आणि अठरावा अध्याय, ज्यांत इस्राएलमध्ये राहणाऱ्या परक्यांनाही लागू होणारे नियम आहेत. अठराव्या शतकातील रब्बी याकोब एम्डेन यांनी तर पुढे जाऊन असे लिहिले, की येशू आणि प्रेषित पौल यांना परराष्ट्रीयांसाठी नोहाच्या आज्ञाच रुजवायच्या होत्या आणि ज्यूंनी तोरा सोडावा असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. हे एका सनातनी रब्बीने लिहिले आहे, हे माझ्या शेजारच्या शिक्षकांनी मला दोनदा बजावले.

पौलाच्या वागण्याकडे पाहिले की एम्डेन यांच्या म्हणण्यात तथ्य वाटू लागते. त्याचा सहकारी तीत हा ग्रीक, म्हणून त्याच्या सुंतेला पौलाने ठाम नकार दिला. दुसरा सहकारी तीमथ्य याची आई ज्यू, म्हणून त्याची सुंता त्याने स्वतः करवली. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सुंता करून घेणाऱ्या परराष्ट्रीयांवर तो जो संतापतो, तो रेश लाकिशच्या संतापाचा जणू दूरचा भाऊ आहे. कारणे वेगळी, पण जे तुमचे नाही ते अंगावर घेऊ नका, हा सूर दोघांचाही.

मात्र पुढच्या तीन-चार शतकांत या प्रश्नाने अशी कलाटणी घेतली, की सभेतील कोणालाही ती ओळखू आली नसती. नियम पाळावेच लागतील का, याऐवजी पाळू द्यावेत का, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. ३८६-८७ मध्ये अंत्युखियातच ख्रिस्ती धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम यांनी ज्यूंच्या सणांना आणि उपवासांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध जळजळीत प्रवचने दिली, आणि त्यांचा विखार शेवटी ज्यूंवरच उतरला. चौथ्या शतकातील लाओदिकीयाच्या सभेने ख्रिस्ती माणसाने शनिवारी विश्रांती घेण्यास मनाई केली. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या सभेत काढलेल्या पोपच्या फर्मानात सुंता आणि शब्बाथ पाळणाऱ्यांना तारण नाही असे सांगितले गेले, आणि रक्ताची व गुदमरून मारलेल्या मांसाची बंदीही त्या काळापुरतीच होती असे ठरवले गेले. म्हणजे याकोबाच्या चारांतलेही सगळे उरले नाही. परराष्ट्रीयांना दार उघडण्यासाठी केलेला युक्तिवाद ज्यूंना त्यांच्याच घरातून बाहेर काढण्यासाठी वापरला गेला, असे माझे मत झाले आहे.

सगळे चर्च मात्र या वाटेने गेले नाहीत. पवित्र कबरीच्या चर्चच्या छतावर लहानशा खोल्यांमध्ये इथिओपियाचे भिक्षू राहतात, आणि त्यांच्या चर्चमध्ये सुंता, शनिवारचा मान आणि खाण्यापिण्याचे जुने निर्बंध आजही आहेत. शनिवार पाळणारे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पुण्यातील औंधच्या वाचकांना स्पायसर कॉलेजमुळे ठाऊक असतीलच.

आता एक अवघड गोष्ट. सात आज्ञांतील पहिलीच मूर्तिपूजेविरुद्ध आहे, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर शाडूचा छोटा गणपती आहे. कुळाचार ज्याचा त्याला, ही माझी सोयीची उपमा येथे कोसळते, कारण हा नियम ज्यूंपुरता नसून माझ्यासाठीही आहे असे त्यांची परंपरा मानते. २००४ मध्ये जेरुसलेममधील रब्बी एल्याशिव यांनी तिरुपतीला अर्पण केलेल्या केसांपासून बनवलेले, धार्मिक ज्यू विवाहित स्त्रिया डोके झाकण्यासाठी घालतात ते केसांचे टोप वापरण्यास मनाई केली, तेव्हा ब्रुकलिनमध्ये बायकांनी आपले महागडे टोप रस्त्यावर जाळले होते. चार वर्षांनी, २००८ मध्ये, याच शहरात हिंदू आणि ज्यू धर्मनेत्यांच्या परिषदेने वेगळे निवेदन काढले: हिंदू एकाच परमतत्त्वाची सगुण व निर्गुण रूपांत उपासना करतात, आणि त्यास मूर्तिपूजा म्हणता येत नाही. शेजारच्या शिक्षकांना मी सरळ विचारले. त्यांनी मध्ययुगातील ज्यू विद्वान मेइरी यांचा आधार घेतला, ज्यांनी धर्माच्या बंधनात राहणाऱ्या समाजांना प्राचीन मूर्तिपूजकांपासून वेगळे काढले होते. पण मेइरींच्या डोळ्यांसमोर ख्रिस्ती आणि मुसलमान होते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. चतुर्थीचे मोदक मी त्यांना कधी नेऊन दिलेले नाहीत, आणि त्यांनी फळीकडे पाहिले तरी कधी काही विचारलेले नाही.

एप्रिलमध्ये पेसाख आला, म्हणजे इस्राएलचे लोक मिसर (इजिप्त) देशातून बाहेर पडले त्याच्या आठवणीचा सण. या सात दिवसांत ज्यू घरात खमीर धरलेले धान्य ठेवायचे नाही, म्हणून दुकानातील पावाची कपाटे कागदाने झाकली जातात, आणि सरकारी मालकीचे असे सगळे धान्य कागदोपत्री एका परधर्मीयाला विकले जाते; गेली अनेक वर्षे तो ग्राहक जवळच्या अबू घोश गावातील एक अरब गृहस्थ आहे. मी पीठ आधीच भरून ठेवले होते, पण तवा चढवताना मन खाऊ लागले, कारण आमच्या खिडक्या समोरासमोर आहेत आणि पोळी फुगल्याचा वास बोळभर जातो. शेवटी मी जाऊन विचारले की आठवडाभर पोळ्या करायचे थांबवू का.

आजीबाईंनी माझ्याकडे नवलाने पाहिले. "तू कशाला थांबवतेस?" त्या म्हणाल्या. "तू कुठे मिसरातून बाहेर पडली आहेस?"

मी घरी आले आणि कणीक तिंबायला घेतली.